कोवळे ऊन आणि खेळाडूचे शरीर



या शाळेच्या तीन पिढ्यांनी ज्यांना नुसते ‘गुरुजी’ म्हणून ओळखले, त्या दिवंगत व्यायामशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. जन्मभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकवलेल्या माणसाने ‘ड’ जीवनसत्त्व आणि खेळाडूची शारीरिक क्षमता असा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नाही आणि औषधयोजना सांगण्याचा मला अधिकार नाही. मला या विषयाकडे ओढले ते एका मराठी शब्दप्रयोगाने. तो म्हणजे ‘कोवळे ऊन’.

उन्हासाठी आपल्या भाषेत शब्दांची काय श्रीमंती आहे पाहा. ऊन रणरणते असते, टळटळीत असते, कलते असते. फटीतून आले की त्याची तिरीप होते, कौलांतून जमिनीवर पडले की कवडसा होतो. सकाळच्या उन्हाला मात्र आपण काकडीला आणि पालवीला लावतो तेच विशेषण लावले. ‘कोवळे’ म्हणताच त्यात माया आली. तान्ह्या बाळाला तेल चोळून या उन्हात धरावे, म्हाताऱ्यांनी या उन्हात पाठ शेकावी, पोरांनी या उन्हात नमस्कार घालावेत, असा आपला पिढीजात समज आहे. त्यातूनच अलीकडे एक नवे वाक्य घरोघरी ऐकू येते : सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व मिळते. पुष्कळ शाळांत ते फलकावरही लिहिलेले असते. हे वाक्य जसेच्या तसे खरे नाही. ते खरे मानून आपण मुलांच्या खेळाच्या वेळा ठरवतो, म्हणूनच त्याची नीट चिकित्सा करावी असे मला वाटले.

ज्या गावात हे बोलतो आहे, ते सूर्याचे गाव आहे. सहाव्या शतकात, हूण राजा मिहिरकुल याच्या पंधराव्या राज्यवर्षात, मातृचेट नावाच्या गृहस्थाने इथल्या गोपगिरीवर सूर्याचे मंदिर बांधल्याचा शिलालेख आहे. मुरारकडचे सूर्यमंदिर १९८८ सालचे, कोणार्काच्या धर्तीवर बांधलेले. ते आपण सर्वांनी पाहिलेलेच आहे. हे गाव खेळाचेही आहे. १८५७च्या संग्रामाच्या शताब्दीनिमित्त १९५७ साली इथे राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले आणि देशभरचे खेळशिक्षक येथे घडू लागले. ऑलिंपिक हॉकीत १९३२ आणि १९३६ साली सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघांतले रूपसिंह शिंदे सरकारच्या सैन्यात होते. २००६पासून राज्याची महिला हॉकी अकादमी इथेच आहे. ऊनही आहे आणि मैदानेही आहेत. मग इथल्या मुलामुलींच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी का निघावे?

आधी हे जीवनसत्त्व म्हणजे काय ते पाहू. १९१९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस होतो तो आहारातील उणिवेने, आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यास तो टळतो, हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात बसवले आणि ती मुले बरी झाली. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. प्रकाश एकाच हातावर पाडला, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होते आणि ते रक्तावाटे सर्व शरीरात जाते. १९२२ साली अमेरिकेत मॅक्कॉलम यांनी माशाच्या तेलातील या द्रव्याला ‘ड’ हे अक्षर दिले. जे आपले शरीर स्वतः बनवू शकते त्याला जीवनसत्त्व म्हणणे शास्त्रदृष्ट्या सैलच आहे. पण एकदा रुळलेला शब्द बदलत नाही, हे मी भाषेचा शिक्षक म्हणून सांगू शकतो.

त्वचेतील कोलेस्टेरॉलच्या जवळच्या नात्याचा एक पदार्थ सूर्याच्या अतिनील ‘ब’ किरणांनी बदलतो. यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याच्यावर संस्कार होऊन तो कामास येतो. अन्नातील चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यांतून रक्तात घेण्याचे काम त्याच्यावाचून अडते. आता हे ‘ब’ किरण वातावरणातील ओझोनच्या थरात बव्हंशी शोषले जातात. सूर्य माथ्यावर असताना त्यांचा मार्ग आखूड असतो, म्हणून थोडे तरी खाली पोहोचतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण तिरपे येतात, त्यांना हवेचा कितीतरी लांब पट्टा ओलांडावा लागतो, आणि ‘ब’ किरण वाटेतच संपतात. उगवत्या सूर्याची ऊब अंगाला लागते, डोळ्यांना तांबूस प्रकाश दिसतो, पण ज्याने ‘ड’ जीवनसत्त्व बनते तो अंश त्यात जवळजवळ नसतो. खिडकीच्या काचेतूनही तो आत येत नाही, हे जाताजाता सांगून ठेवतो. काचेआड बसून ऊन खाणारे माझ्या वयाचे बरेच लोक समोर दिसत आहेत.

हे ओळखायला यंत्र लागत नाही, सावली पुरते. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर आहे आणि ते किरण चांगले मिळत आहेत. सावली जितकी लांब, तितके ते कमी. येथे ग्वाल्हेरचे म्हणून एक वैशिष्ट्य आहे. आपण उत्तरेला सव्वीस अंशांवर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारी सावली माणसाच्या उंचीहून थोडी आखूड असते. ग्वाल्हेरात त्याच दिवशी, त्याच घटकेला, ती उंचीहून लांब असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ही स्थिती असते. म्हणजे या काळात इथला उत्तम सूर्यसुद्धा मध्यमच, आणि तो मिळतो अकरा ते एकच्या दरम्यान. आपला खरा मध्यान्ह सव्वाबाराच्या सुमारास होतो. आपल्या पूर्वजांनी दक्षिणेतून येताना बोलीबरोबर दिनचर्याही आणली, पण सूर्याचा कोन काही बरोबर आणता आला नाही! त्यात धुके आणि धूर. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या हवेच्या आकडेवारीत अतिप्रदूषित शहरांत ग्वाल्हेरचे नाव अगदी वर होते. धुराने नेमके हेच किरण अडतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एका अभ्यासात मोरी गेटच्या धुरकट वस्तीतील बालकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व गुडगावच्या मोकळ्या हवेतील बालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले होते.

येथे कोणी म्हणेल, मग सूर्यनमस्कारांचे काय? औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून नमस्कार रुजवले. १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. त्या कार्याबद्दल माझ्या मनात निर्विवाद आदर आहे. नमस्कारांनी पाठीचा कणा लवचिक होतो, दम वाढतो, शिस्त लागते. हे सारे पहाटे काय नि अंधाऱ्या खोलीत काय, सारखेच मिळते. व्यायाम म्हणून त्यांचे मोल स्वयंभू आहे. त्यावर ‘ड’ जीवनसत्त्वाचे श्रेय लादण्याची गरज नाही. परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनी तर तिच्या नावावर खोटी जमा मांडू नये.

आता खेळाडूकडे वळू. हे जीवनसत्त्व फार कमी झाले की हाडे मऊ होतात, हे सर्वांना माहीत असते. स्नायूंचे मात्र कोणी फारसे बोलत नाही. मांड्या आणि खांदे यांतील, म्हणजे धडाजवळचे स्नायू आधी दुबळे होतात. रुग्णाला जिना चढवत नाही, उकिडवे बसून उठवत नाही. झटक्याने आकुंचन पावणारे स्नायुतंतू, ज्यांच्या बळावर धावपटू सुटतो आणि कबड्डीपटू उसळी घेतो, तेच अधिक झिजतात. उणीव भरून निघाली की ही दुर्बलता पुष्कळ अंशी ओसरते. हे झाले तीव्र उणिवेचे. पण वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलांचे काय? इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात बारा ते चौदा वर्षांच्या शाळकरी मुलींना एका यंत्रावर उड्या मारायला लावून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी, त्यांच्या उडीचा वेग आणि जोरही कमी, असे आढळले. मुलींना कोणतीच तक्रार नव्हती. मात्र त्याच संशोधकांनी पुढे वर्षभर औषध देऊन पाहिले, तेव्हा हालचालीतील कार्यक्षमता थोडी सुधारली, स्नायूंचा जोर काही वाढला नाही.

या दुसऱ्या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बाजारात तो सांगितला जात नाही. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१३ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्या, अगदी लहान प्रयोगात खेळाडूंना आठ आठवडे रोज पाच हजार एकके दिली, तेव्हा त्यांची उभी उडी आणि दहा मीटरची धाव सुधारली. दुसऱ्यात बारा आठवडे दर आठवड्याला वीस हजार किंवा चाळीस हजार एकके दिली. रक्तातील प्रमाण छान वाढले, पण कामगिरी होती तिथेच राहिली. महायुद्धाच्या आगेमागे जर्मनीत आणि रशियात खेळाडूंना अतिनील दिव्यांपुढे बसवून त्यांचा वेग वाढल्याचे सांगणारे प्रयोग झाले होते. पण दिव्यापुढे बसलेल्याला आपण दिव्यापुढे बसलो आहोत हे कळतेच, आणि नुसत्या विश्वासाने माणूस थोडा जोरात पळतो. या सर्वांतून मला एवढेच दिसते की उणीव असेल तर ती भरून काढल्याने खेळाडू स्वतःच्या मूळ शक्तीपर्यंत पोहोचतो. रिकाम्या घागरीत पाणी घालणे वेगळे आणि भरलेल्या घागरीत ओतत राहणे वेगळे.

जिथे पुरावा अधिक भक्कम आहे ती गोष्ट हाडांची आहे. कवायतीत, लांब धावण्यात, एकाच जागी वारंवार आदळून हाडाला बारीक तडा जातो. बाहेरून काही दिसत नाही, नडगी दुखते एवढेच. फिनलंडमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेतील तरुणांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होते त्यांना अशा तड्यांचा धोका अधिक आढळला. अमेरिकेच्या नौदलातील पाच हजारांहून अधिक नवशिक्या स्त्री-सैनिकांवर २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर सरळच होता : निम्म्या जणींना आठ आठवडे रोज कॅल्शियम आणि आठशे एकके ‘ड’ जीवनसत्त्व दिले, आणि त्या गटात तडे सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले. प्रमाण पाहा, आठशे एकके. शौर्य गाजवणारा डोस नव्हे.

आपल्या तालमींचेही थोडे बोलले पाहिजे. जुन्या तालमी जाड भिंतींच्या, बुटक्या दाराच्या, झरोक्यापुरत्या उजेडाच्या. पहाटे चारला जोर-बैठका, संध्याकाळी लाल मातीत लढती, दुपारी खुराक आणि झोप. पैलवानाची सर्व मेहनत सूर्याला चुकवून! खुराकात दूध, तूप, बदाम. दुधात कॅल्शियम भरपूर, पण ‘ड’ जीवनसत्त्व नैसर्गिकपणे फारच थोडे; २०१८च्या नियमांनंतर ते वरून घातलेले दूध बाजारात मिळते, पिशवीवर तशी खूण असते. अंड्याचा बलक आणि तेलकट मासे यांत ते असते, पण आपल्यापैकी अनेक घरांना ते वर्ज्य. कोणी म्हणेल, खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले ते याच तालमींच्या जोरावर. खरे आहे. त्यांच्या रक्तात काय होते हे सांगणे मात्र शक्य नाही, कारण ती तपासणीच तेव्हा अस्तित्वात नव्हती. एवढे ठाऊक आहे की ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या शेतकरी घरातले होते, आणि शेतातल्या मुलाला दुपारचे ऊन कोणी शिकवावे लागत नाही.

याउलट मल्लखांब. मध्य प्रदेशाने २०१३ साली त्याला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली, याचा आपणा मराठी माणसांना विशेष आनंद झाला. लंगोट लावून, उघड्या अंगाने, अंगणातल्या खांबावर खेळायचा हा प्रकार. पाठ, छाती, हात, पाय, सारे उन्हाला खुले. कातडीचा किती भाग उघडा, यावर सारे अवलंबून असते. २४ फेब्रुवारी २०१० रोजी याच गावात रूपसिंह मैदानावर सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा काढल्या. खेळ उघड्या मैदानावरचा, पण शिरस्त्राण, हातमोजे, पायांचे पॅड आणि अंगभर कपडे वजा जाता उन्हाला मिळते काय? मैदानी खेळ खेळतो म्हणून मुलगा सुरक्षित, असे गृहीत धरू नये. बॅडमिंटन, जलतरण, वजन उचलणे, गाद्यांवरची कुस्ती, या छपराखालच्या खेळांत तर ही उणीव अधिकच आढळते.

आता जे सांगायचे त्यासाठीच मी हा विषय घेतला. आपल्या मुली दुचाकीवर जाताना डोळ्यांपर्यंत कापड गुंडाळतात, कोपरापर्यंत मोजे घालतात. धुळीसाठी, असे सांगतात, धूळ आहेच. पण घरात विचारा, उत्तर वेगळे येते : काळी पडेल. माझ्या परिचयातील एका घरी चारशे मीटर धावणारी मुलगी आहे. नडगी दुखू लागली, तपासणीत हाडाला तडा निघाला, रक्तात हे जीवनसत्त्व अतिशय कमी. तिची आजी मला म्हणाली, “अहो, आम्ही तिला उन्हात पाठवतच नव्हतो, सरावालासुद्धा सूर्य मावळल्यावर पाठवायचो. उद्या लग्नाच्या वेळी कोण बघणार?” काश्मिरात काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनी १९२८ साली गोषातल्या स्त्रियांविषयी पुस्तक लिहून दाखवले होते, की पडद्याआडच्या स्त्रियांची हाडे मऊ होऊन बाळंतपणात त्यांचे हाल होतात, आणि उघड्यावर राबणाऱ्या गरीब स्त्रिया त्यातून सुटतात. त्या गोष्टीला शंभर वर्षे होत आली. लष्करातल्या आपल्या वाड्यांच्या चौकांत आणि गच्च्यांवर बायका पापड-कुरडयांचे वाळवण राखीत दुपारभर बसत; ते चौक गेले, गच्च्या गेल्या, आणि कापडाचा नवा गोषा आला. भर म्हणजे आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ ऊन लागते. जिला अधिक हवे तिलाच आपण कमी देतो. ‘सावळा’ म्हणून विठ्ठलाला मिठी मारणाऱ्या भाषेत मुलीचा सावळेपणा दोष कसा झाला, हा प्रश्न मी वर्गात अनेकदा विचारला आहे. उत्तर मिळालेले नाही.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील पाहणीत रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांपेक्षा उघड्यावर कवायत करणाऱ्या जवानांच्या रक्तात हे जीवनसत्त्व बरेच अधिक आढळले होते. ज्यांना सर्व ठाऊक, त्यांच्याकडेच कमी! ज्ञानाने हाडे बळकट होत नाहीत.

दुसऱ्या टोकालाही सावध राहावे लागेल. साठ हजार एककांची पुडी हल्ली वाण्याकडच्या साखरेसारखी घरात येते. शेजारणीने घेतली म्हणून आपणही घेतो, परीक्षा आली, स्पर्धा आली की मुलाला देतो. हे द्रव्य चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते, मळमळ, अशक्तपणा, मूत्रपिंडांना इजा, असे प्रकार होतात. वृद्धांवरील दोन प्रयोग उद्बोधक आहेत. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकके दिली, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढले. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. झुरिकमध्ये सत्तरीपुढच्या लोकांना महिन्याला साठ हजार एकके दिली, तेव्हा पायांची क्षमता वाढली नाही आणि पडणारे अधिक निघाले, ते २०१६चे. २०२२ साली अमेरिकेतील पंचवीस हजारांहून अधिक निरोगी प्रौढांच्या पाहणीत रोज दोन हजार एकके घेऊनही हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही. आपल्याकडे २०२०च्या शिफारशींत ज्यांना ऊन फारसे मिळत नाही अशा प्रौढांसाठी रोज सहाशे एकके पुरेशी मानली आहेत. उणीव सिद्ध झालेल्या रुग्णाला डॉक्टर मोठी मात्रा देतात ती काही आठवड्यांपुरती आणि देखरेखीखाली. तिचे अनुकरण घरी करण्याचे कारण नाही.

उन्हाचेही तसेच. मी मे-जूनच्या दुपारी मुलांना मैदानावर उभे करा असे म्हणत नाही. १८५८च्या मे-जूनमध्ये काल्पीहून ग्वाल्हेरकडे आलेल्या इंग्रज फौजेत उष्माघाताने किती माणसे आडवी झाली, हे त्यांच्याच सेनाधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊलाच सावली आखूड होते. तेवढी थोडी मिनिटे पुरतात, कातडी लाल होईपर्यंत थांबणे केव्हाही चूक.

शाळेकडे माझे मागणे साधे आहे. हिवाळ्यात कवायतीचा तास सकाळच्या धुक्यातून काढून मधल्या सुट्टीच्या आगेमागे, अकरा ते एकच्या दरम्यान ठेवावा. गणित-इंग्रजीच्या शिक्षकांना ही वेळ सोडायला जड जाईल, याची मला कल्पना आहे. तरी आठवड्यातून तीन दिवस तरी द्यावेत. खेळाच्या गणवेशात बाह्या कोपरापर्यंत असाव्यात, मुलींच्याही. मैदानाच्या कडेला मीटरभर उंचीची एक काठी पुरावी आणि तिच्या पायापासून मीटरभर अंतरावर चुन्याची वर्तुळरेषा आखावी. काठीची सावली रेषेच्या आत आली की ऊन कामाचे आहे, हे पाचवीतल्या मुलालाही कळेल, आणि भूगोलाचा एक धडाही आपोआप होईल. डिसेंबरात ती सावली रेषेच्या आत येणारच नाही. तेव्हा जिथे ती सर्वांत आखूड असेल ती वेळ टिपून ठेवावी. ज्या मुलामुलींची नडगी, मांडी वा कंबर आठवड्याहून अधिक काळ दुखते त्यांना स्पर्धेच्या यादीत घेण्याआधी डॉक्टरांकडे पाठवावे. दुखणे लपवून धावणाऱ्यांचे कौतुक करणे आपण थांबवावे. ती काठी येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पुरता आली, तर खर्च मी देईन.